प्रथम वर्ष मानसशास्त्र : हमखास सरमिसळ होणाऱ्या संकल्पना (ठाणे–नवी मुंबईकरांसाठी उजळणीचा धागा)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी.

मी ठाण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते. परीक्षा जवळ आली की मुलं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतात आणि प्रश्न जरा फिरवून विचारला की अडखळतात. अडखळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. दोन संकल्पना एकाच धड्यात शेजारी शेजारी येतात, नावं सारखी वाटतात आणि डोक्यात त्यांची सरमिसळ होते. ऋण प्रबलन आणि शिक्षा. अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान. अल्पकालीन आणि दीर्घकालीन स्मृती. सहसंबंध आणि कार्यकारणभाव. या जोड्या नीट सुटल्या की बाकीचा अभ्यासक्रम मुलं स्वतःच्या बळावर वाचू शकतात, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

नियम एकच. पुस्तक मिटून लिहायचं आणि उदाहरण आपल्या भागातलं, स्वतः पाहिलेलं द्यायचं.

पुस्तक मिटण्याचा आग्रह का? रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला, काहींना तो न बघता आठवेल तेवढा लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. शिवाय, आपल्या लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होती. 'आता येतंय मला' ही भावना किती फसवी असते ते यातून कळतं. पिवळ्या हायलायटरने रंगवलेली पुस्तकं पाहिली की म्हणूनच मला काळजी वाटते.

पहिली जोडी मीच घेते : ऋण प्रबलन आणि शिक्षा. कुठलंही उदाहरण आलं की दोन प्रश्न याच क्रमाने विचारा. वर्तन वाढलं की कमी झालं? वाढलं तर प्रबलन, कमी झालं तर शिक्षा. मग दुसरा प्रश्न : काही मिळालं की काही दूर झालं? मिळालं तर धन, दूर झालं तर ऋण. गाडी सुरू केली की सीट बेल्टची पिरपिर सुरू होते, बेल्ट लावला की थांबते. बेल्ट लावण्याचं वर्तन वाढलं, त्रासदायक आवाज दूर झाला. म्हणजे ऋण प्रबलन. यात कोणी कोणाला शिक्षा केलेली नाही.

येऊ द्या तुमची उदाहरणं.

घणसोलीकर

मॅडम, मी एफवायला आहे, कॉलेज वाशीला. सीट बेल्टचं समजलं पण हेल्मेटवर अडलोय. पाम बीच रोडला पोलीस उभे असतील म्हणून मी गाडी काढतानाच हेल्मेट घालतो. दंड म्हणजे तर शिक्षा. पण मला दंड कधी झालेला नाही आणि माझं हेल्मेट घालणं मात्र वाढलंय. मग पेपरात लिहायचं काय?

खाडीकाठ

छान प्रश्न. नेमक्या याच ठिकाणी मार्क जातात. आधी ठरव, तू कोणत्या वर्तनाबद्दल बोलतोयस.

'विना हेल्मेट गाडी चालवणं' हे वर्तन धरलं, तर ज्याला दंड झाला त्याचं ते वर्तन कमी होतं. म्हणजे शिक्षा. आणि खिशातले पैसे गेले, म्हणजे हवीशी गोष्ट दूर झाली, म्हणून ती ऋण शिक्षा. 'हेल्मेट घालणं' हे वर्तन धरलं, तर ते वाढतं, कारण दंडाची टांगती तलवार त्यामुळे दूर होते. ते ऋण प्रबलन. रस्ता तोच, पोलीस तेच, पण वर्तन कोणतं निवडलं त्यावर उत्तर बदललं. म्हणून उत्तराच्या पहिल्याच ओळीत वर्तनाचं नाव लिहायचं.

आणखी एक बारकावा. सीट बेल्टमध्ये त्रास सुरू झालेला असतो आणि आपण त्यातून सुटतो. हेल्मेटमध्ये त्रास येण्याआधीच आपण तो टाळतो. सुटका आणि टाळणं हे दोन्ही ऋण प्रबलनाचेच प्रकार. तुला दंड एकदाही झालेला नसताना तुझं वर्तन टिकून आहे, ते या दुसऱ्या प्रकारामुळे.

शलाका_न

मी टीवायला आहे. माझं आवडतं उदाहरण गोखले रोडवरच्या दुकानातलं. लहान मूल चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, आई वैतागून घेऊन देते, मूल गप्प होतं. मुलाला चॉकलेट मिळालं, म्हणून रडण्याला धन प्रबलन. आईच्या कानाशी चाललेलं रडणं थांबलं, म्हणून 'घेऊन देणं' या आईच्या वर्तनाला ऋण प्रबलन. एकाच प्रसंगात दोघं एकमेकांना शिकवतात, आणि पुढच्या वेळी दोघंही तेच करतात. मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला तो इथे.

प्रबलनाच्या वेळापत्रकांचंही, म्हणजे प्रबलन किती प्रयत्नांनी किंवा किती वेळाने मिळतं त्याचंही सांगते. ठाणे स्टेशनबाहेर मीटरच्या रिक्षांना हात करत उभं राहणं : कधी दुसरा रिक्षावाला 'बसा' म्हणतो, कधी आठवा. किती हात केल्यावर यश येईल ते ठरलेलं नाही, म्हणून आपण हात करत राहतो. बदलतं गुणोत्तर. जुगाराच्या यंत्राचंही हेच गणित, आणि हे वर्तन लवकर विझत नाही. याउलट ट्रान्स हार्बर लोकलचा फलाट बघा. वाशीची गाडी नुकतीच गेली असेल तर रुळांकडे कोणी बघत नाही. पुढच्या गाडीची वेळ जवळ येईल तशा माना वळायला लागतात, शेवटी शेवटी तर सारख्याच. ठरावीक कालांतर. पुस्तकातला शिंपल्यासारखा वक्र (आधी सपाट, शेवटी झपाट्याने चढणारा) रोज फलाटावर तयार होतो.

घणसोलीकर

रिक्षाचं उदाहरण आता जन्मात विसरणार नाही. धन्यवाद ताई.

पारसिक

धागा चांगला आहे, पण एक शंका मनात आहे. हे सगळे प्रयोग अमेरिकेत, रशियात झाले. तिथल्या कॉलेजच्या मुलांवर काढलेले निष्कर्ष कळव्याच्या चाळीतल्या माणसाला लागू होतात हे आपण गृहीत का धरायचं?

खाडीकाठ

पारसिक, ही शंका या विषयानेही स्वतःला विचारली आहे. हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन यांनी २०१० मध्ये लिहिलं की मानसशास्त्रातले बहुतेक निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, सधन समाजांतल्या लोकांवरून काढलेले आहेत आणि ते लोक साऱ्या मानवजातीचे प्रतिनिधी नव्हेत. त्याआधी १९६६ मध्ये सीगल आणि सहकाऱ्यांनी म्यूलर-लायर भ्रम वेगवेगळ्या समाजांत तपासला होता. सारख्याच लांबीच्या दोन रेषा बाणांच्या टोकांमुळे लहान-मोठ्या वाटतात तो हा भ्रम. काही समाजांत तो बराच कमी आढळला. डोळ्यांनी दिसणं इतक्या मूळ गोष्टीतही फरक पडतो!

आपल्याकडेही हा विषय जुना आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. बिने-कामत चाचणी हे नाव इथल्या अनेक पालकांनी ऐकलेलं असेल. परदेशी प्रश्नावली नुसती भाषांतरित करून भागत नाही, इथल्या मुलांवर तपासून तिचे निकष नव्याने ठरवावे लागतात, हे त्या पिढीला ठाऊक होतं.

तुमचा प्रश्न धरून ठेवा. त्याचसाठी मी इथली उदाहरणं मागते आहे.

मीरा_ऐरोली

मी परीक्षेची विद्यार्थिनी नाही, आई म्हणून वाचते आहे. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला डॉक्टरांकडे इंजेक्शन दिल्यापासून पांढरा कोट दिसला की ती रडते. आता तर केस कापायला नेलं आणि तिथल्या दादाने पांढरा ॲप्रन घातला होता, तरी तेच. हे अभिजात अभिसंधानच ना? आणि यावर करायचं काय?

खाडीकाठ

हो मीराताई, अगदी तेच. सुई दुखते हे शिकावं लागत नाही. पांढरा कोट सुईबरोबर आला म्हणून कोटाची भीती शिकली गेली. न्हाव्याच्या ॲप्रनपर्यंत ती पसरली, त्याला सामान्यीकरण म्हणतात.

वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये 'लिटल अल्बर्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाळावर हेच केलं होतं. पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून मोठा आवाज करायचा. बाळ उंदराला घाबरू लागलं, मग सशाला आणि इतर केसाळ वस्तूंनाही. ती भीती घालवण्याआधीच बाळ तिथून गेलं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं. आज कोणतीही नैतिक समिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि उत्तरात हेही लिहायला हवं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र चार वर्षांनी मिळालं. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, तो शांत राहिला की हळूहळू जवळ आणायचा. तुम्हीही घरी खेळण्यातला डॉक्टरसेट आणा, बाहुलीला पांढरा रुमाल कोटासारखा घाला, तिला खेळू द्या. मग दवाखान्यात सुई नसलेल्या दिवशी नुसतं भेटून या. घाई करू नका. रडायला लागली की एक पायरी मागे या. 'घाबरट' हा शब्द घरात कोणी वापरू नये. आणि भीती वाढतच गेली, झोप-खाणं बिघडलं, तर बालमानसतज्ज्ञांना जरूर दाखवा.

शलाका_न

अभिजात आणि साधक यांतला फरक सांगायला मी मिसळ घेते. मामलेदार कचेरीजवळच्या त्या प्रसिद्ध मिसळीची पाटी दिसली की तोंडाला पाणी सुटतं. ते मी ठरवून करत नाही, आपोआप होतं : अभिजात. मग मी गर्दीत टेबलाची वाट बघत उभी राहते, कारण मागच्या वेळी थांबल्याचं फळ मिळालं होतं : साधक. पहिल्यात उद्दीपक (प्रतिक्रिया जागवणारी गोष्ट, इथे पाटी) आधी येतो आणि प्रतिक्रिया ओढून काढतो. दुसऱ्यात वर्तन आधी, परिणाम नंतर.

पारसिक

मग मिसळीचा वास हा कोणता उद्दीपक? नैसर्गिक की शिकलेला?

खाडीकाठ

जिभेवर अन्न आलं की लाळ सुटते, ते न शिकता. ज्याने मिसळ कधी खाल्लीच नाही त्याला तर्रीच्या वासाने फार तर ठसका लागेल. तेव्हा त्या विशिष्ट वासाने पाणी सुटणं बऱ्याच अंशी शिकलेलं. अभिजात अभिसंधान शोधणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचं लक्ष वेधलं गेलं ते अशाच गोष्टीने. तो पचनक्रियेचा अभ्यास करत होता, १९०४ चं नोबेलही त्याला त्यासाठीच मिळालं. अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न देणारा माणूस दिसल्यावर कुत्र्यांना लाळ सुटते हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने मेट्रोनोम, बझर असे उद्दीपक वापरून ते पद्धतशीर तपासलं.

जुना_नौपाडकर

वय वर्षे बहात्तर. मुलांच्या धाग्यात घुसतो आहे, पण प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आमच्या सौ.ना जुनं सगळं आठवतं. सासरी आल्या त्या दिवशीचा स्वयंपाकसुद्धा सांगतात. पण सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी सांगता येत नाही. इमारतीत सगळे म्हणतात 'शॉर्ट टर्म मेमरी गेली'. तसं म्हणणं बरोबर आहे का?

खाडीकाठ

काका, घुसणं कसलं, हा धागा तुमचाही आहे.

मानसशास्त्रात अल्पकालीन स्मृती फार छोटी असते, काही सेकंदांची. कोणी फोन नंबर सांगितला आणि तुम्ही तो पुटपुटत वहीपर्यंत गेलात, ती अल्पकालीन स्मृती. मनात घोळवू दिलं नाही, तर साधारण अठरा सेकंदांत बहुतेक पुसलं जातं, हे पीटरसन दांपत्याने १९५९ मध्ये दाखवलं. सकाळी कोण आलं होतं ही गोष्ट दुपारी आठवणं हे दीर्घकालीन स्मृतीचंच काम. काकूंना अडचण येते आहे ती नवीन आठवण पक्की होण्यात.

हा फरक जगाला समजला तो हेन्री मोलेसन यांच्यामुळे. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नवीन आठवणी पक्क्या करणारा) भाग काढला गेला. त्यानंतर ते संभाषण करू शकत, सांगितलेले आकडे घोळवून काही वेळ धरू शकत, पण लक्ष दुसरीकडे गेलं की सगळं नाहीसं. तरीही मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा ते दिवसागणिक सुधारत गेले, आणि दर वेळी म्हणत की हे मी आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. म्हणजे 'काय घडलं' याची आठवण आणि 'कसं करायचं' याचं कौशल्य मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी साठतं. ते २००८ मध्ये गेले, तोपर्यंत पुस्तकांत त्यांचं नाव फक्त एच. एम. होतं. पन्नासहून अधिक वर्षं त्या माणसाने विज्ञानाला जे दिलं, त्याबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

आता अभ्यास बाजूला ठेवून सांगते. काकूंना 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, काही औषधं यांनीही असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. फिजिशियनना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा.

जुना_नौपाडकर

उद्याच नेतो. आभारी आहे, ताई.

आलेख

खारघरहून. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, म्हणून माझी जोडी : यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक वाटणी. निवड म्हणजे अभ्यासात कोण येणार. सीवूड्सच्या मॉलमध्ये उभं राहून शंभर जणांना प्रश्न विचारले तर ते 'नवी मुंबईकरांचं मत' होत नाही, कारण मॉलमध्ये न जाणारे सुटले. वाटणी म्हणजे आलेल्यांपैकी कोण कोणत्या गटात, हे नाणं उडवून ठरवणं. निवड नीट असेल तर निष्कर्ष सर्वांना लागू करता येतो. वाटणी नीट असेल तर 'यामुळे ते झालं' असं म्हणता येतं.

सहसंबंधाचं उदाहरण डोळ्यांसमोरच आहे. नेरुळच्या पाणथळीत फ्लेमिंगो हिवाळ्यात येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जातात. कॉलेजच्या वाचनालयातली गर्दीही त्याच महिन्यांत वाढते. दोन्हींत सहसंबंध निघेल. म्हणून फ्लेमिंगोंमुळे मुलं अभ्यास करतात असं कोणी म्हणणार नाही, ऋतू हे तिसरं चल (बदलणारा घटक) दोन्हींच्या मागे आहे. पण 'मोबाइल जास्त वापरणारी मुलं उदास असतात' हे वाचल्यावर तोच नियम आपण विसरतो. उदास आहे म्हणून मोबाइल, की मोबाइलमुळे उदास, की घरातला तणाव दोन्हींच्या मुळाशी? पाहणीवरून हे ठरत नाही. ते ठरवायला प्रयोग लागतो.

शलाका_न

विस्मरणातली जोडी राहिली. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, आठपासून पुढे झाले. बाबा आजही जुन्या नंबरने सांगतात. जुनं शिकलेलं नव्याच्या आड येतं : प्रोॲक्टिव्ह अडथळा. मला आता नवीन इतके सवयीचे झालेत की जुना नंबर आठवायला थांबावं लागतं. नवं जुन्याच्या आड येतं : रेट्रोॲक्टिव्ह अडथळा. आठवायचंय काय ते आधी बघायचं.

मीरा_ऐरोली

मला एक समजून घ्यायचं आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावर एक बाई चक्कर येऊन पडल्या आणि इतक्या गर्दीत बराच वेळ कोणी पुढे झालं नाही. माणसं एवढी दगड असतात का?

खाडीकाठ

दगड नसतात. याला प्रेक्षक परिणाम म्हणतात, आणि यामागे क्रौर्याहून जास्त वाटा जबाबदारी विभागली जाण्याचा असतो. डार्ली आणि लाताने यांच्या १९६८ च्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांतून इंटरकॉमवर बोलत होते आणि एकाला फिट आल्याचा आवाज ऐकू येत होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के तो आवाज संपण्याआधी मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले फक्त ३१ टक्के. न धावलेलेही बेफिकीर नव्हते, त्यांचे हात थरथरत होते.

या प्रयोगांमागे १९६४ ची, न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या होती. '३८ जण बघत राहिले' ही तेव्हाची बातमी अतिरंजित होती हे नंतर स्पष्ट झालं, त्यामुळे उत्तरात ते वाक्य सत्य म्हणून लिहू नका.

पुन्हा असं दिसलं तर गर्दीला उद्देशून 'कोणीतरी मदत करा' म्हणू नका. एका माणसाकडे बोट दाखवा : 'दादा, निळा शर्ट, तुम्ही १०८ ला फोन करा. ताई, तुम्ही पाणी आणा.' जबाबदारी एकाच्या हातात आली की माणसं हलतात.

घणसोलीकर

मॅडम, शेवटचा प्रश्न, परवा पेपर आहे. संवेदी अनुकूलन आणि सवय होणं यांत मी खाडीचं उदाहरण लिहितोय. ऐरोलीच्या पुलावर खाडीचा वास आधी येतो, मग येईनासा होतो. आणि आमच्या घरामागून लोकल जातात, त्यांचा आवाज आम्हाला जाणवतच नाही. बरोबर आहे का?

खाडीकाठ

अनुकूलनात ज्ञानेंद्रियच काही वेळाने कमी प्रतिसाद देतं, कितीही लक्ष दिलं तरी तेवढं जाणवत नाही. सवयीत ज्ञानेंद्रियापर्यंत सगळं पोचतं, पण त्याकडे लक्ष जात नाही. ओळखायची खूण : मुद्दाम लक्ष दिलं तर पुन्हा जाणवतं का? रात्री कान देऊन ऐकलंस तर लोकल स्पष्ट ऐकू येईल, म्हणजे ते सवयीचं उदाहरण पक्कं. वासात मात्र दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, परीक्षक प्रश्न काढू शकतो. अनुकूलनासाठी त्याऐवजी तलावात पोहायला उतरल्यावर आधी गार आणि थोड्या वेळाने साधं वाटणारं पाणी लिही.